काट्याच्या पलीकडून

दर दोन-तीन वर्षांनी आमच्या ऑफिसात एक साथ येते. तिचं नाव वर्गवारी. वरून निरोप येतो की कंपनीत संगणकाच्या एवढ्या सिस्टिम्स आहेत, त्यांच्यावर एवढा खर्च होतो, तर कुठली वाढवायची, कुठली नुसती सांभाळायची आणि कुठली बंद करायची ते एकदा ठरवा. मग एक एक्सेल शीट फिरते, तीन मीटिंगा होतात, समोसे येतात आणि शेवटी भिंतीवर चार चौकोन उमटतात. हे काम मी गेली बरीच वर्षं करतोय. घरात मात्र मी नेमकं काय करतो ते कुणालाच कळलेलं नाही. (आईच्या मते मी "कॉम्प्युटरवर मोजदाद" करतो. खरं सांगायचं तर तिचं फार चुकत नाही.) म्हणून आज एकदा नीट लिहितो. शिवाय २०२५ च्या दिवाळीत मारेगावला काकांच्या दुकानात बसून जे बोलणं झालं, ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी ते चार चौकोन काय आहेत ते सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डचे वॉरन मॅकफार्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी मांडणी केली. दोन प्रश्न विचारायचे. आज आपला धंदा या यंत्रणेवर किती अवलंबून आहे? आणि उद्या तिच्यामुळे धंद्यात किती फरक पडेल? दोन्हींची उत्तरं "जास्त" आणि "कमी" अशी मांडली की चार खाने होतात. पुढे इंग्लंडातल्या क्रॅनफील्डचे जॉन वॉर्ड यांनी हीच कल्पना कंपनीतल्या एकेका सिस्टिमला लावली. आजही महत्त्वाची आणि उद्याही, ती स्ट्रॅटेजिक. आज तिच्यावाचून काम अडतं, पण पुढे ती नवीन काही देणार नाही, ती की ऑपरेशनल. आज काही नाही, पण उद्या कदाचित सोनं निघेल, ती हाय पोटेन्शियल. आणि असली तर सोय, नसली तरी चालेल, ती सपोर्ट.

चौकोन ठरला की वागणूक ठरते. स्ट्रॅटेजिकला चांगली माणसं आणि मोकळा हात. की ऑपरेशनलला भक्कमपणा, राखीव सर्व्हर, रात्रीचा पहारा. हाय पोटेन्शियलला थोडे पैसे आणि मुदत. सपोर्टला कमीत कमी खर्च, आणि जमलं तर कायमची सुट्टी.

ही मांडणी मला आवडते. जिथे ती नसते तिथे काय होतं तेही मी पाहिलंय. ज्या खात्याच्या साहेबाचा आवाज मोठा, त्याची सिस्टिम महत्त्वाची! त्यापेक्षा चार चौकोन कितीतरी बरे. माझी तक्रार फक्त एवढीच आहे की चौकोन कुठे बसून भरायचे, हे कुठल्याच पुस्तकात मी नीट वाचलं नाही.

तर दिवाळी. काकांचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, औषधं. लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं, वेचणी सुरू झाली होती आणि दुकानात गर्दी बेताची होती. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तू हापिसात करते तरी काय रे बापू?" दरवर्षी मी हसून वेळ मारून नेतो. यंदा मात्र बिलबुकाच्या मागच्या पानावर चार चौकोन काढले आणि म्हटलं, काका, आज तुमच्याच दुकानाची वर्गवारी करू.

काकांच्या दुकानात "सिस्टिम्स" किती आहेत ते मोजायला गेलो आणि मीच चाट पडलो. खतविक्रीचं पॉस मशीन, कारण २०१८ पासून अनुदानाचं खत त्या मशीनवर आधार लावूनच विकावं लागतं. हिशोबाचा आणि जीएसटीचा कॉम्प्युटर. पैसे आले की ओरडून सांगणारा तो डबा. गावोगावच्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आणि लाल कापडी बांधणीची उधारीची वही.

मी भराभर लिहीत गेलो. पॉस मशीन की ऑपरेशनल. हिशोबाचा कॉम्प्युटर सपोर्ट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हाय पोटेन्शियल. उधारीची वही सपोर्ट, आणि पुढे कंसात "बंद करून कॉम्प्युटरवर घ्यावी" असा शेराही मारला. सवय, दुसरं काय!

काकांनी चष्मा लावून कागद पाहिला. म्हणाले, "वही काहून तिकडं टाकली? मशीन बंद पडलं त मानूस दुपारी येते. वही हरवली त मानूस येतच नाई."

दुकानातला पोरगा फिस्सकन हसला. पण काका गंमत करत नव्हते. पेरणीच्या वेळी ज्याच्या हातात पैसा नसतो त्याला बियाणं त्या वहीवर मिळतं आणि कापूस विकला की ती ओळ खोडली जाते. दुकानाचा अर्धा व्यवहार त्या दोन घटनांच्या मधल्या काळात तरंगत असतो. मी मात्र तिला सपोर्टमध्ये टाकून मोकळा झालो होतो, कारण तिच्यावर खर्च शून्य आणि वापरणारा माणूस एक.

मग त्यांनी पॉस मशीनकडे बोट केलं. "अन हे. जूनमंदी हे दोन घंटे बंद पडू दे, मंग पाय दुकानापुढं काय होते. आता बंद पडलं त मी चहा पेतो." म्हणजे काकांच्या मते एकच यंत्र जूनमध्ये एका चौकोनात आणि कार्तिकात दुसऱ्या. आमच्या एक्सेल शीटमध्ये महिन्याचा रकानाच नाही हो!

एवढ्यात एक वयस्कर शेतकरी आले. कापसाची नोंदणी करायची होती. २०२५-२६ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी "कपास किसान" हे अ‍ॅप आणलं. आधार, जमिनीचे कागद, कापसाचा पेरा, सगळं त्यात भरायचं आणि मग माल नेण्यासाठी स्लॉट घ्यायचा. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. आजोबांच्या आधारला नंबर पुण्यातल्या मुलाचा जोडलेला. मुलाला फोन केला, त्याने आलेला आकडा वाचून दाखवला, काकांच्या पोराने भरला. दहा मिनिटांत काम झालं. आजोबांनी दोनदा विचारलं, "झालं न?" आणि गेले.

ते गेल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही कंपनीत मी बसलो असतो तर अशा नोंदणीच्या अ‍ॅपला कुठला चौकोन दिला असता? मूळ धंदा खरेदीचा आणि विक्रीचा, नोंदणी म्हणजे त्याच्या आधीची कारकुनी. बहुधा सपोर्ट. फार तर हाय पोटेन्शियल. आणि आजोबांसाठी? व्यापाऱ्याचा भाव आणि हमीभाव यातला जो फरक, तो पुरा त्या दहा मिनिटांवर टांगलेला.

मग मी काकांना ती गोष्ट सांगितली, जी अकरा वर्षं घरात कुणाला सांगितली नव्हती.

२०१४ साल. मी तेव्हा शेतमाल खरेदी करून त्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीत होतो. (नाव लिहीत नाही, आणि त्याची गरजही नाही. चूक माझी होती.) नवी मोठी सिस्टिम आली होती आणि जुन्या सिस्टिम्सची वर्गवारी माझ्याकडे होती. यादीत एका खरेदी केंद्रावरचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तिथल्याच एका माणसाने कधीतरी फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला. वापरणारे दोन. कागदपत्रं नाहीत. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. मी पुण्यात, एसी खोलीत, त्याच्यासमोर "सपोर्ट, बंद" असं लिहून सही केली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका शुक्रवारी संध्याकाळी, तो सर्व्हर बंद झाला.

काटा बंद पडला नाही. गाड्या येत होत्या, वजनं होत होती, नव्या सिस्टिममधून काटापावत्या निघत होत्या. आमच्या पडद्यावर सगळं हिरवं. पण ओलाव्याची आणि बारदान्याची कपात त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होत होती, हे आम्हाला माहीतच नव्हतं. ती आकडेवारी रोज रात्री लेखा विभागाला जायची आणि तिच्यावरून चुकारे निघायचे. ती जायची थांबली. लेखा विभागाला वाटलं केंद्राने पाठवली नाही. केंद्राला वाटलं नवीन सिस्टिममधून आपोआप जात असेल.

आमच्याकडच्या नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे शेतकऱ्याच्या हाती पडणारे पैसे. हा शब्द विदर्भात लहान पोरालाही कळतो. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि पुढची जवळपास तीन दशकं आमच्या घरचं वर्ष चुकाऱ्याभोवतीच फिरलं. संकलन केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा, रात्री बंडीखालीच झोपणं, मग ग्रेडर, मग काटा, आणि मग वाट पाहणं. आमच्या घरी "चुकारा आल्यावर" हे कुठल्याही मागणीचं उत्तर होतं. चपला, वह्या, आईचं लुगडं, माझी कॉलेजची फी, सगळं चुकारा आल्यावर. अशा घरातला मुलगा मी, आणि माझ्या सहीने चुकारे थांबले.

नऊ दिवसांनी केंद्रावरून फोन आला. फोन करणारा अगदी शांतपणे बोलत होता. म्हणाला, "साहेब, लग्नसराई आहे इकडे. लोकं रोज येऊन बसतात." प्रोग्रॅम दोन तासांत पुन्हा सुरू झाला, त्यानंतर चार दिवसांत सगळे चुकारे निघाले. कंपनीच्या लेखी नुकसान काहीच नव्हतं, उलट पैसे तेवढे दिवस बँकेत राहिले. त्या तिमाहीत इतके इतके सर्व्हर बंद करून खर्च वाचवला म्हणून आमच्या टीमला शाबासकी मिळाली. मी ती घेतली. त्या तेरा दिवसांत कोणी कुणाकडून किती टक्क्यांनी पैसे उचलले असतील, ते कुठल्याही अहवालात आलं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बंद करतानी कोनाले इचारलं होतं?"

मी ज्यांना विचारलं होतं त्यांची नावं सांगितली. लेखा प्रमुख, खरेदी प्रमुख, आमचे साहेब.

"काट्यावर कोनाले?"

कोणालाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तुमची एकट्याची चूक, यात चौकोनांचा काय दोष? तर थोडा आहे. मॅकफार्लन आणि रिचर्ड नोलन यांनी २००५ मध्ये हीच मांडणी संचालक मंडळांसाठी पुन्हा लिहिली. त्यात सपोर्टची एक खूण अशी दिली आहे की यंत्रणा बारा-बारा तास बंद पडत राहिली तरी गंभीर परिणाम होत नाही. खूण चांगली आहे. पण परिणाम कुणावर? आणि कुठले बारा तास? हे दोन शब्द गाळले की कसोटी कंपनीच्या बाजूने झुकते. झुकते म्हणजे कुणी मुद्दाम झुकवतं असं नाही. खोलीत जे बसलेले असतात त्यांना जे दुखतं तेच मोजलं जातं, एवढंच.

हे फक्त खेड्यापाड्यातच होतं असंही समजू नका. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत थंडीचं मोठं वादळ आलं. सगळ्याच विमान कंपन्या अडचणीत आल्या, पण बाकीच्या दोन-तीन दिवसांत सावरल्या आणि साउथवेस्ट कोलमडली. जवळपास १७,००० उड्डाणं रद्द, २० लाखांवर प्रवासी अडकलेले, तेही नाताळात. विमानं होती, वैमानिक होते. पण कुठला वैमानिक कुठे आहे आणि त्याला कुठल्या विमानावर पाठवायचं, हे जुळवणारी पडद्यामागची जुनी यंत्रणा एवढे बदल पेलू शकली नाही. माणसं फोनवरून जुळवाजुळव करत बसली. त्या यंत्रणेला तिथे कुठला चौकोन दिला होता ते मला ठाऊक नाही, पण प्रवाशांना ती कधी दिसत नव्हती हे नक्की.

आपल्याकडचं उदाहरण ३१ जुलै २०२४ चं. सी-एज ही टीसीएस आणि स्टेट बँकेच्या भागीदारीतली कंपनी लहान बँकांना संगणक यंत्रणा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडावं लागलं. सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सुरळीत झालं. देशाच्या एकूण उलाढालीत या बँका चिमूटभर. म्हणून बातमीही चिमूटभरच आली. ज्याचं एकुलतं एक खातं त्या बँकेत, त्याच्यासाठी मात्र त्या दिवशी सगळी बँकिंग व्यवस्थाच बंद होती.

आणि यादीचं महत्त्व? एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. ज्या त्रुटी सांगितल्या त्यात सुरुवातीलाच आयटी इन्व्हेंटरी मॅनेजमेंट होतं. म्हणजे सोप्या मराठीत, आपल्याकडे काय काय आहे याची नीट मोजदाद. (आई, तुझी व्याख्या रिझर्व्ह बँकेलाही मान्य आहे. :) )

तर मग करायचं काय? मी काही पुस्तक लिहिणारा माणूस नाही. २०१४ नंतर ज्या तीन गोष्टी मी हट्टाने करतो त्या सांगतो. त्यातली दुसरी तर काकांमुळे आत्ताच वाढली.

पहिली, प्रत्येक सिस्टिमसमोर एक रकाना: ही बंद पडली तर कोण परत जाईल? खात्याचं नाव चालणार नाही. ड्रायव्हर, हमाल, शेतकरी, पेन्शनर, असं माणसाचं नाव हवं. आणि ते उत्तर खिडकीवर किंवा काट्यावर बसणाऱ्या माणसाला फोन करून भरायचं. गंमत म्हणजे त्याला दोन मिनिटांत सांगता येतं. आम्हाला मात्र तीन मीटिंगांत सापडत नाही.

दुसरी, महिन्याचा रकाना. कापसाचं काम असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काट्याशी संबंधित काहीही सपोर्ट नाही. शाळेचं असेल तर जून, करांचं असेल तर मार्च. वर्गवारीवर तारीख हवी, औषधाच्या बाटलीवर असते तशी.

तिसरी, बंद करायची झाली तर तेरवी होईपर्यंत थांबायचं. आधी नुसतं बंद करायचं, पुसायचं नाही. तेरा दिवस कोण रडत येतं ते पाहायचं. आणि हंगामी काम असेल तर तेरवी पुढच्या हंगामानंतर. आमच्या टीममधल्या पोरांना हा शब्द फार आवडलाय, आता शीटमध्ये तसा रकानाच आहे.

यावर आमच्या साहेबांचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ते म्हणतात, खिडकीवरच्या माणसाला विचारलं तर त्याला त्याचीच सिस्टिम सगळ्यात महत्त्वाची वाटणार. सगळंच महत्त्वाचं ठरलं तर वर्गवारी कशाला? पैसे काय झाडाला लागतात? बरोबर आहे. पण माझा अनुभव असा की खालची माणसं तेवढी लबाड नसतात. काकांनी पॉस मशीनचं महत्त्व स्वतःहून कमी केलंच की! "आता बंद पडलं तर मी चहा पितो" असं कुठला खातेप्रमुख मीटिंगमध्ये म्हणेल? जो रोज ते यंत्र वापरतो त्याला त्याच्याशिवाय कधी भागतं हेही माहीत असतं. तेवढ्यावर खर्च कमी करता येतो. मी केलाय.

सध्या पुन्हा साथ आली आहे. यादीत बंद करायच्या अकरा सिस्टिम्स आहेत. त्यातली एक एका लहानशा केंद्रावर तीन माणसं वापरतात. दहा बंद करायला माझी सही झाली आहे. अकरावी हंगाम संपेपर्यंत ठेवा असं मी लिहून दिलंय, आणि त्यामुळे आमचं बचतीचं उद्दिष्ट थोडक्यात हुकणार आहे. साहेब खूश नाहीत. सोमवारी बोलावलंय. सोबत त्या केंद्रावरच्या काट्यावाल्याशी झालेलं बोलणं एका पानावर लिहून नेणार आहे. बघू काय होतं ते.

असो. फार लांबलं. ताईने हे छापून काकांना वाचायला द्यायचं कबूल केलंय. काका, तो बिलबुकाचा कागद मी सोबत आणलाय. उधारीची वही पहिल्या चौकोनात हलवली आहे. पण एक विनंती, दरवर्षी दिवाळीला तिच्या पानांचे मोबाइलवर फोटो तेवढे काढून ठेवत जा. वही खरोखरच हरवली तर माणूस येणार नाही, हे तुम्हीच म्हणालात!